विचारपूस

रात्रीचे पावणेदोन. कूलरमधलं पाणी संपलंय,
पंखा कोरड्या वाळ्याला वारा घालतोय.
मी मेमरीला एक पत्ता देते,
सोळाच्या हिशेबातला, लांबलचक,
आणि विचारते: इथे काय आहे?

ती नेमक्या जागेचं बोलतच नाही.
मागे सरकून पानाच्या सुरुवातीला उभी राहते
आणि तिथून सांगते,
इथून पुढे एवढी पानं एकाच हालतीत.
मोकळी. नाहीतर नुसती राखून ठेवलेली.
नाहीतर दिलेली, पण वाचण्यापुरती.
मी तेवढं अंतर ओलांडते.
आणि इथे?

नाना असेच चालायचे.
सुपडू नारखेडे, नंबरटेकर, भुसावळ यार्ड, बहुतेक रात्रपाळी.
एका हातात दिवा, कानामागे पेन्सिल,
लाइनीच्या टोकापासून डब्याडब्याने
नंबर, आणि नंबरापुढे एक शब्द:
भरलेला, रिकामा, आजारी.
आजारी डब्याला ताप येतो असं मला वाटायचं.
मे महिन्यात एकदा भर दुपारी
हात लावून पाहिला.
होता ताप.

एक डबा अकरा महिने सात नंबरच्या लाइनीवर उभा होता.
सील शाबूत, म्हणून प्रत्येक वहीत भरलेला.
शेवटी उघडला तर आत फक्त अंधार,
जसा कारखान्यातून निघताना भरला असेल तसा.
माझ्याकडेही आहेत अशी पानं.
कागदावर दिलेली,
पण कुणी बोट लावेपर्यंत
त्यांच्यामागे जागाच नसते.
बोट लावलं की घाईघाईने शून्यं मांडून ठेवतात,
पाहुणे दारात आल्यावर
सतरंजी झटकावी तशी.

पण आजचं दुखणं वेगळं.
मी विचारते. उत्तर येतं: दिलेली आहे, लिही खुशाल.
मी लिहायला जाते आणि प्रोग्राम जागच्या जागी मरतो.
दर वेळी नाही. दहातून एकदा.
चार रात्री झाल्या.
मेमरी खोटं बोलते असं आता मी
मोठ्याने म्हणायला लागले आहे.

बाजेवरून आवाज येतो,
"काय करून राह्यली व तू एवढ्या रात्री?"
मी सांगते. पानं, पत्ते, परवानग्या,
एकाच वेळी धावणारे चार हात.
अर्धं त्यांना कळत नाही,
अर्धं मलाही सांगता येत नाही.
नाना बराच वेळ गप्प.
मग म्हणतात,
"तू लिह्यलं तव्हा डबा होता. वाचते तव्हा हाये का?"

म्हणाले, मी वही घेऊन केबिनीत पोचेपर्यंत
रमजान तडवी इंजिन लावून अर्धी लाइन ओढून न्यायचा.
वही खरी. रमजानही खरा.
साहेब मात्र मलाच झापायचा.

"मंग?"
"मंग काय. पह्यले चाकाखाली गुटका लावायचा.
रमजानले सांगायचं, मी म्हनत नाही तोवर हलवू नको.
मंग लिहायचं."

गुटका.
मी कुलपाची ओळ विचारण्याच्या आधी टाकते,
उघडण्याची, लिहून झाल्यावर.
मधे दुसऱ्या हाताला थांबावं लागतं,
यार्डातल्या मालगाडीसारखं, कुरकुरत.
हजार वेळा चालवून पाहते.
एकदाही मरत नाही.

तिकडे यार्डात कुठेतरी रेक हलला,
एका कपलिंगचा धक्का दुसरीला, दुसरीचा तिसरीला,
आवाज लांब लांब जात
खडका रोडपर्यंत गेला असावा.
मी पत्ते पुढे पुढे विचारत राहते,
आता नुसतीच, सवय म्हणून,
अगदी शेवटच्या हद्दीपर्यंत,
जिथे मेमरी काहीच सांगत नाही,
फक्त शून्य परत करते.

दिवा मालवते. अंधारात बाजेकडे तोंड करून विचारते,
नाना, झोपलात?

"हो," नाना म्हणतात.